मुठीतला अंगठा

दुपारचं जेवण झालं की मी खुर्चीत बसतो, आणि डोळा लागता लागता मला रस्ता दिसतो. हा रस्ता पायांखालून निघतो आणि मागे मागे जात राहतो. लिंबाचं झाड आधी डोक्यावरून जातं आणि मग दिसतं. माणसं आधी मागे पडतात आणि मग त्यांचे चेहरे कळतात. लहानपणी अर्धापूरकडे मामाच्या बैलगाडीत मी मागच्या बाजूला पाय सोडून बसायचो. तो हा रस्ता, की अलीकडचा नांदेड-लातूरचा, हे अर्धवट झोपेत ठरत नाही. केळीच्या बागा सरतात आणि एकदम अहमदपूर येतं.

जाग आली की समोर कपाट असतं. या गणपतीपर्यंत त्या कपाटात एक शाल होती, गेल्या वर्षी मंडळाने मला पांघरलेली. तिचीच हकीकत सांगायची आहे. ती सांगायला मी उशीर केला, आणि त्या उशिरात किनवटकडचा एक माणूस माझ्यामुळे चुकीच्या वाटेला लागला. त्याचं नाव मला माहीत नाही. दिवाळी अंक गावोगाव जातात, कुणाच्या तरी हातून हा त्याच्यापर्यंत जाईल, या आशेवर लिहितो आहे.

माझा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. नांदेडात जुन्या मोंढ्याच्या बाजूला माझं दुकान होतं. जीप, टेम्पो, रिक्षा, पुढे पुढे कारसुद्धा. गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिला सीट असतेच, तरी आपल्या माणसाला ती आपली वाटत नाही. त्यावर रेक्झिन हवं, कडेने वेगळ्या रंगाची गोठ हवी, आणि आत आणखी स्पंज हवा. हा आणखी स्पंज म्हणजेच आमचं पोट.

मला काम शिकवलं ते उस्तादांनी. टाका कसा घालायचा हे शिकवण्याआधी त्यांनी गिऱ्हाईक कसं बघायचं ते शिकवलं. गिऱ्हाईक दुकानात आलं की सीटवर बसत नाही, अंगठ्याने दाबून बघतं. अंगठा आत गेला की चेहरा खुलतो. उस्ताद दखनीत म्हणायचे, "अंगूठा अंदर जाने दो, गाहक पीछे पीछे आता." म्हणून वरचा थर कायम मऊ ठेवायचा. खाली काय आहे ते बसणाऱ्याच्या कमरेला दोन तासांनी कळतं, तोवर गाडी लोह्याच्या पुढे गेलेली असते.

सगळीच गिऱ्हाइकं अशी नव्हती. कंधारच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवणारा एकजण होता. त्याने मला बजावलं, "काका, लई मऊ करू नका. मऊ सीटवर माणूस पसरतो. कडक ठेवा, अंग आवरून बसंल, अन् चौथा मावंल." मी हसलो होतो. कडक जागेवर माणूस आपलं अंग धरून बसतो, एवढी मोठी गोष्ट तो मला फुकट सांगून गेला, आणि मी ती विनोद म्हणून वर्षानुवर्षं इतरांना सांगत राहिलो. दुसरे एक केळीचे व्यापारी. केळीचा चीक लागला की काळा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही, म्हणून दर वर्षी नवं कव्हर घ्यायचे. शेवटी मी काळंच कव्हर सुचवलं, तर म्हणाले, "डाग दिसला पायजे. नाय तर घरच्यांना वाटंल, मी नुसताच फिरून राहिलो."

अशा गमतीत हयात गेली. माझ्या सीटवर लोक झोपायचे याचा मला अभिमान होता. कुणी सांगितलं की काका, लातूर कधी आलं कळलं नाही, की मला माझं काम झाल्यासारखं वाटायचं.

दुकान मुलाकडे सोपवून मी घरी बसलो, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून रेणुका राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवरा किनवटला नोकरीला, आठवड्याने येतो. घरी सासू, अनसूयाबाई, मूळच्या कंधारकडच्या, आणि मुलगी ईश्वरी. तेव्हा ईश्वरी अडीच वर्षांची होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. रेणुकाने मला सोप्या भाषेत सांगितलं होतं तसंच सांगतो. मेंदूला जन्माच्या वेळी इजा झाली, त्यामुळे अंगाला मिळणारे हुकूम वेडेवाकडे येतात. कधी अंग सैल पडतं, कधी धनुष्यासारखं ताठ होतं. मान धरता येत नाही. समज मात्र आहे. आमच्या अंगणात मी भाजीवाल्याची नक्कल केली की ती मान एका बाजूला टाकून हसायची.

लातूरला एका केंद्रात तिचे व्यायाम चालायचे. आठवड्याला जावं लागे. गाडी रेणुका स्वतः चालवायची, आणि ईश्वरी मागे आजीच्या मांडीवर. गतिरोधक आला की पोरगी दचकायची, दचकली की ताठ व्हायची, ताठ झाली की आजीच्या हातून घसरायची आणि रडून रडून श्वास अडकायचा. केंद्रात पोचेपर्यंत इतकी दमायची की व्यायाम कसले, झोपच काढायची. घरात बोलणं सुरू झालं की हे जाणं-येणं बंद करावं. अनसूयाबाई म्हणायच्या, "लेकरू बरं करायला नेऊन राहिले, अन् वाटंतच मोडून राहिलं." जाणं थांबलं असतं तर जी मान थोडी थोडी उभी राहू लागली होती, ती पुन्हा पडली असती. रेणुकाला हे ठाऊक होतं, म्हणून ती दर आठवड्याला गाडी काढतच राहिली.

केंद्रातल्या मॅडमनी तिला पाठमोरी सीट घ्यायला सांगितलं. म्हणजे लहान मुलाची वेगळी सीट असते, ती गाडीच्या मागच्या सीटवर उलट्या तोंडाने बांधायची. मुलाचं तोंड मागच्या काचेकडे आणि पाठ ड्रायव्हरकडे. जोराचा ब्रेक लागला तर धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. ज्या लेकराला मान सावरता येत नाही त्याला हे फार गरजेचं. रेणुकाने एक सीट मागवली आणि ती गाडीत घट्ट बसेना म्हणून मला बोलावलं. "काका, एवढा पट्टा ओढून बघता का?"

मी पट्टा बघितलाच नाही. मी आधी अंगठा दाबला. तो आत गेला नाही.

"अगं, हा तर दगड आहे," मी म्हणालो. "यात लेकरू बसेल कसं?"

अनसूयाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अन् तेबी उलटं. मागं तोंड करून कुणी गाडीत बसतंय का? पोटात ढवळंल तिच्या."

"आई, मॅडमनी सांगितलंय," रेणुका म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, त्या म्हणाल्या, सीटमध्ये काही बदलू नका."

मी तिला काय म्हणालो ते आठवून मला आजही बरं वाटत नाही. मी म्हणालो, "मॅडम व्यायामातल्या जाणकार. सीट कुणी शिवली सगळी हयात?" ती गप्प झाली. मी तिच्या वडिलांच्या वयाचा. आमच्याकडे अशा वेळी मुली गप्प होतात, आणि आम्ही त्याला होकार समजतो.

ती सीट मी दुकानात नेली. कव्हर उसवलं. आत थर्माकोलसारखा एक कडक थर होता, तो कापून काढला. पट्ट्यांच्या फटी मोठ्या केल्या. उत्तम प्रतीचा स्पंज भरला, पाठीला, बुडाखाली, डोक्यामागे. वरून गर्द लाल रेक्झिन आणि पांढरी गोठ. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुमचं सगळ्यात भारी काम झालं." मी अंगठा दाबला, पार बुडाला. मलाच त्यात बसून झोपावंसं वाटलं.

ते काम बघायला मी त्यांच्याबरोबर लातूरला निघालो. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला निघालो. अनसूयाबाई पुढे बसल्या, मी मागे ईश्वरीजवळ. मुलीचं तोंड मागच्या काचेकडे होतं, म्हणून मीही मान वळवून काचेतून बघू लागलो. नांदेड मागे चाललं होतं, माझं बालपण परत आल्यासारखं. विष्णुपुरीकडचं हिरवं, मग उघडी माळरानं, ट्रकमागे उडालेली धूळ खाली बसताना. कापसाच्या शेतातल्या बाया आधी दूर जायच्या आणि मग वर बघायच्या. मला गुंगी आली. माझ्या सीटवर सगळेच झोपतात, पोरगीही झोपली असेल, असं त्या गुंगीतच वाटलं.

जाग आली ती तिच्या आवाजाने. रडणं नव्हतं, घरघर होती. ईश्वरी स्पंजात रुतली होती. पाठ गोल झाली होती, हनुवटी छातीला टेकली होती, आणि पट्टे सैल पडून खांद्यावरून उतरले होते. मी "रेणुका" एवढंच म्हणालो. तिने गाडी बाजूला घेतली. तोवर पोरीने पाय समोर, गाडीच्या सीटच्या पाठीच्या गादीला लावून अंग ताठ केलं होतं आणि ती सीटमधून निम्मी वर सरकली होती.

माळाकोळीच्या अलीकडे एका लिंबाखाली रेणुका तिला कुशीत घेऊन बसली. ती मुलीच्या मुठीकडे बघत होती. मी विचारलं, "हात दुखावला का?"

"नाही काका. अंगठा बघते आहे," ती म्हणाली. "अंग त्रासात असलं की तिचा अंगठा मुठीच्या आत जातो. चार बोटांनी दाबून धरते. बरं वाटलं की तो बाहेर येतो. ती सांगू शकत नाही ना. मी त्याच्यावरूनच ओळखते."

लिंबाचा पाला हलत होता, गाड्या जात होत्या, आणि आम्ही तिघं मोठी माणसं त्या एवढ्याशा मुठीकडे बघत बसलो. अनसूयाबाई म्हणाल्या, "बस झालं आता, रेणुके. आजचं शेवटचं. पुढल्या आठवड्यापासून न्हाई जायचं." रेणुकाने पदर डोळ्यांना लावला.

बरंच थांबल्यावर अंगठा बाहेर आला. लातूर जवळ होतं म्हणावं तर नव्हतंच, पण परत फिरणंही तेवढंच लांब. हळूहळू गेलो.

केंद्रातल्या मॅडम वयाने लहान होत्या. लाल सीट त्यांनी सगळीकडून हात फिरवून पाहिली. मग मला म्हणाल्या, "काका, शिवण सुंदर आहे." आणि नंतर बाकीचं सांगितलं. मी कापलेला तो कडक थर धक्का पिण्यासाठी होता. स्पंज धक्क्यात चेपतो, पट्टे सैल होतात आणि मूल बाहेर फेकलं जातं. म्हणून पाठीमागे आणि बुडाखाली काहीही घालायचं नसतं. ही सीट आता वापरायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायचीही नाही.

"पण मॅडम, मऊ असल्याशिवाय आराम कसा?" मी विचारलं. हट्ट नव्हता, मला खरंच कळत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही मऊ गादीत बसलात तर तुमचं अंग स्वतःला सावरतं. हिचं सावरत नाही. मऊ जागेत आपलं अंग कुठे आहे हेच हिला कळत नाही, मग घाबरून ताठ होते. हिला टेकलेलं कळायला हवं."

काळी-पिवळीवाला आठवला. अंग आवरून बसंल.

केंद्रात घरच्यांना बसवून बघण्यासाठी काही सीटा ठेवलेल्या होत्या. मॅडम एकेक घेऊन अंगणात आमच्या गाडीपाशी आल्या. दुकानात बघून सीट घ्यायचीच नाही, म्हणाल्या. त्याच गाडीत बांधायची, त्याच लेकराला बसवायचं, आणि थांबायचं. लगेच ठरवायचं नाही.

पहिली सीट दिसायला देखणी, पण रुंद. ईश्वरी एका बाजूला कलली. दुसरी बेताची होती, पण मागे झुकायची नाही. बसताक्षणी मान पुढे पडली, आणि पाय समोरच्या गादीला पोचले. पाय पोचले की ती रेटा देते आणि रेटा दिला की ताठ होते, हे मी येताना पाहिलंच होतं. तिसरी सीट कुणी उचलली नसती अशी, फिक्या राखाडी रंगाची, गोठ नाही काही नाही. मी सवयीने अंगठा लावला. दगड. पण ती पुरेशी मागे झुकत होती, आणि पायांपुढे जागा उरत होती, गुडघे वाकवून बसता येईल एवढी. मॅडमनी तिला बसवलं, कंबर नीट मागे टेकवली, पट्टे आवळले. मग दोन लहान टॉवेल गुंडाळून डोक्याच्या आणि छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवले. "बाजूला चालतं," मला बघून त्या म्हणाल्या, "पट्टे बांधून झाल्यावर. मागे आणि खाली नाही."

मग सगळे थांबलो. रेणुका दारात वाकून उभी होती, नजर मुठीवर. अंगणात गुलमोहराची सावली गाडीच्या काचेवर हलत होती आणि ईश्वरी ती बघत होती. वेळ किती गेला कुणास ठाऊक. मला पुन्हा गुंगल्यासारखं झालं, पण ही गुंगी वेगळी होती, देवळात आरती संपल्यावर येते तशी. एकेक बोट सैल होत गेलं. आणि मुठीतून अंगठा बाहेर आला.

सगळ्यात आधी बोलल्या त्या अनसूयाबाई. "काढलं बगा बोट." मग वाकून नातीला म्हणाल्या, "उलटी बसली व्हय माझी माय? बस, बस. मागचं समदं दिसंल तुला."

मॅडमनी ती सीट तात्पुरती बरोबर दिली, पुढे रेणुकाने तशीच घेतली. परतीच्या रस्त्यावर ईश्वरी जागी होती. काचेबाहेर लातूर लहान होत गेलं. उन्हं कलली तशी तिच्या तोंडावर केशरी उजेड आला. तारा, पाखरं, झाडांचे शेंडे तिच्या डोळ्यांतून एकेक करून निघून जात होते, आणि मी शेजारी बसून तिच्या डोळ्यांत रस्ता बघत होतो. वाटेत गतिरोधक आले, ती दचकली, अंगठा आत गेला आणि परत आला. लोह्याच्या पुढे ती झोपली. जाणं बंद करण्याचं बोलणं त्या घरात पुन्हा निघालं नाही.

इथवर झाली ती माझी फजिती, त्या फजितीचं दुःख फारसं नाही. पुढे घडलं ते वेगळं.

कॉलनीत कुणीतरी विचारलं तेव्हा रेणुका चांगुलपणाने म्हणाली, "काकांनी खूप मदत केली." मंडळाला गणपतीत सत्काराला माणूस हवाच होता. स्टेजवर सांगण्यात आलं की काकांनी आपली सगळी कला पणाला लावून दिव्यांग बालिकेसाठी मऊशार आसन तयार केलं. शाल आली, श्रीफळ आलं. समोर रेणुका ईश्वरीला घेऊन बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "यात माझं काही नाही." एवढंच खरं बोलायचं होतं आणि तेवढंच बोललो. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या वाढल्या. आणखी एक वाक्य बोललो असतो तर त्या थांबल्या असत्या. त्या थांबू नयेत असं मला वाटलं, हे आता लिहून टाकतो.

उन्हाळ्यात मी मुलीकडे छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. परत आल्यावर मुलाने सांगितलं, किनवटहून एक गृहस्थ दुकानात आले होते. त्यांच्या मुलीची अवस्था ईश्वरीसारखीच. कुणाकडून तरी सत्काराची गोष्ट ऐकली होती, चांगली नवी सीट घेऊन आले होते, आणि म्हणाले, "काकांनी केली तशी मऊ करून द्या." मुलाला खरा प्रकार माहीत होता. तो नको म्हणाला, कारणही सांगू लागला, पण त्यांना वाटलं, हा काम टाळतोय. "मग दुसरीकडून करून घेतो," म्हणून ते निघून गेले. पत्ता दिला नाही, नाव सांगितलं नाही. मी आसपासच्या कुशनवाल्यांकडे विचारून आलो. कुणाला आठवत नाही, किंवा आठवतं पण सांगत नाहीत. माझी लाल सीट माझ्याच घरी आहे, मांजर तीत झोपतं. त्यांची कुठे असेल, आणि तीत कोण बसत असेल, हा विचार दुपारच्या त्या रस्त्यावर माझ्याबरोबर असतो.

या गणपतीत मी शाल घेऊन रेणुकाकडे गेलो. म्हणालो, "बाळा, ही तुझी. मी वर्षभर चोरून ठेवली."

ती हसली नाही. तिने शाल हातात घेतली, उलगडून पाहिली. "काका, त्या दिवशी तुम्ही स्पंज भरताना मी बोलायला हवं होतं. मीही गप्प बसलेच की."

"तू बोलली होतीस. मी ऐकलं नाही."

अनसूयाबाई आतून म्हणाल्या, "मऊ हाय का गं शाल? उगं कपाटात कशाला ठेवता? टावेल जुने झालेत."

रेणुकाने शाल मधून कापली. दोन गुंडाळ्या केल्या, बेताच्या, आणि पुढच्या फेरीला ईश्वरीच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. पट्टे बांधून झाल्यावर. मला फाटकाशी उभं राहून बघायला बोलावलं होतं. गाडी निघाली, आणि मागच्या काचेतून ती पोर माझ्याकडे बघत बघत लहान होत गेली. तिच्या डोळ्यांतून मीही त्या रस्त्यावर मागे मागे जात असेन.

किनवटच्या भाऊ, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर त्या सीटमध्ये मुलीला आता बसवू नका. स्पंज काढूनही बसवू नका, आतला थर कापलेला असेल. दुसरी सीट घ्या, हात न लावलेली, आणि घेण्याआधी तुमच्या गाडीत बांधून, ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासमोर तिला बसवून बघा. मग थांबा. घाई करू नका. तिच्या मुठीकडे बघत राहा, किंवा तुमची मुलगी जिथून बोलत असेल तिथे. सीटवर तुमचा अंगठा दाबून बघू नका. माझाही तिथेच चुकला.